एफचा आकडा हा हुद्दा नव्हे

निवृत्त झालेल्या आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मंडळींकडून मला जे प्रश्न येतात, त्यात पेन्शन, ईसीएचएस आणि मुलांची एनडीएची तयारी हे नेहमीचे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात एकाची भर पडली आहे : दुर्बीण कुठली घेऊ? हा प्रश्न का पडतो हे मला कळतं. लडाखमध्ये किंवा राजस्थानच्या सरहद्दीवर ज्याने एक हिवाळा काढला, त्याने खरं काळं आकाश पाहिलेलं असतं. पुढे तो पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात घर बांधतो, रात्री गच्चीवर जातो आणि वर मोजून वीस-पंचवीस तारे दिसतात. पूर्वी काय दिसायचं ते नातवाला सांगायला जावं, तर नातू मोबाइलवर त्याहून देखणा फोटो काढून दाखवतो. मग दुर्बिणीचा विचार सुरू होतो.

मागे आमच्या युनिटमधल्या एका सुभेदार साहेबांनी विचारलं, "साहेब, एका खोक्यावर ५२५ पट लिहिलंय, दुसऱ्यावर एफ/४ फास्ट लिहिलंय. यातलं भारी कुठलं?"

मी म्हटलं, "साहेब, आधी हे सांगा, बघणार कोण आणि बघणार काय?"

"नातू बघणार. आणि फोटोपण काढायचेत."

बहुतेकांचं उत्तर हेच असतं आणि बहुतेक पैसे इथेच वाया जातात. म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर लिहितो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. दुर्बिणीवर छापलेला एफचा आकडा हा हुद्दा नव्हे. एफ/४ हा एफ/८ पेक्षा वरचा नाही आणि खालचाही नाही. तो आकडा दुर्बिणीचं काम सांगतो. डोळ्याने बघण्याचं काम आणि कॅमेऱ्याने टिपण्याचं काम ही दोन वेगळी कामं आहेत. घरात, शाळेत किंवा सोसायटीत येणारी पहिली दुर्बीण डोळ्यासाठी घ्यावी. कॅमेऱ्याचं नंतर बघता येतं.

आधी ५२५ पटीचा निकाल लावू. अशा खोक्यात साधारणपणे ७० मिलिमीटर व्यासाची, ७०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण असते. सोबत ४ मिमीची नेत्रिका आणि तीन पट करणारं बार्लो भिंग. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, गुणिले ३ म्हणजे ५२५. गणित बरोबर आहे, उपयोग शून्य. दुर्बिणीच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट वर्धन कामाचं असतं. म्हणजे ७० मिमीला १४० पट, तेही हवा शांत असेल तर. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण तपशील वाढत नाही. फायरिंग रेंजवर भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून लांबचं टार्गेट ज्याने द्विनेत्रीतून पाहिलं आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको. तिथे जास्त पटीची द्विनेत्री दिली तर थरथरच जास्त पटीने दिसते.

आता एफचा आकडा. हिशेब सोपा आहे : नाभीय अंतराला व्यासाने भागायचं. आरसा २०० मिमीचा आणि त्याचं नाभीय अंतर ८०० मिमी असेल तर ती एफ/४. अंतर १२०० असेल तर एफ/६, १६०० असेल तर एफ/८. म्हणजे आरशावरून निघालेला प्रकाशाचा शंकू बोथट आहे की निमुळता, एवढंच हा आकडा सांगतो. छोटा आकडा म्हणजे आखूड, बोथट शंकू. मोठा आकडा म्हणजे लांब, निमुळता शंकू. आकड्यात आरशाचा आकार कुठेच येत नाही. एफ/५ ची दुर्बीण ५० मिमीची असू शकते आणि ५०० मिमीचीही.

'फास्ट' आणि 'स्लो' हे शब्द कॅमेऱ्याच्या दुनियेतून आले. फिल्मच्या काळापासून छोट्या एफच्या लेन्सला कमी वेळ शटर उघडं ठेवावं लागे, म्हणून ती फास्ट. फिल्मपुरतं हे बरोबर होतं. पण डोळ्याला शटर नाही, आणि डोळा मिनिटभर प्रकाश साठवूनही ठेवत नाही. म्हणून डोळ्यासाठी हा शब्द गैरसमज करून देतो.

डोळ्यासाठी महत्त्वाचा आकडा दुसराच आहे आणि तो फौजी माणसाच्या गळ्यात वर्षानुवर्षं लटकलेला असतो. ७×५० ची द्विनेत्री आठवा. ५० भागिले ७ म्हणजे जवळजवळ ७ मिमी. उजेडाकडे धरून हातभर अंतरावरून पाहिलं तर नेत्रिकेत एक गोल उजळ चकती दिसते, तिचा हा व्यास. इंग्रजीत तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते, म्हणून रात्रीच्या पहाऱ्यासाठी ७×५० ठरली. ८×३० ची चकती पावणेचार मिमीची. दिवसा ती उत्तम, संधिप्रकाशात तोकडी.

वय वाढतं तशी बाहुली कमी उघडते. माणसागणिक फरक असतो, पण साठीच्या आसपास ५ मिमी धरून चालायला हरकत नाही. म्हणजे विसाव्या वर्षी जी ७×५० पूर्ण ५० मिमीचा प्रकाश देत होती, ती साठीत सात पाचे पस्तीस मिमीचंच काम करते. उरलेला प्रकाश बाहुलीच्या कडेवर पडून फुकट जातो. द्विनेत्रीत काही बिघाड नसतो. ती ज्या डोळ्यासाठी बनली, तो डोळा बदललेला असतो.

खगोलीय दुर्बिणीत ही चकती काढायची सोपी रीत आहे : नेत्रिकेच्या मिलिमीटरला दुर्बिणीच्या एफने भागायचं. एफ/४ ला १६ मिमीची नेत्रिका लावली तर ४ मिमी. एफ/८ ला ३२ मिमीची लावली तर तीही ४ मिमी. दोन्ही दुर्बिणी २०० मिमी व्यासाच्या असतील तर दोन्हींत वर्धन ५० पट, दोन्हींत चकती ४ मिमी आणि दोन्हींत मृगाचा तेजोमेघ तेवढाच उजळ. फास्टला तिथे एका मेणबत्तीचाही जादा उजेड मिळत नाही. डोळ्याने बघताना प्रकाश किती गोळा झाला हे व्यास ठरवतो आणि तो किती पसरला हे वर्धन ठरवतं. एफचा आकडा फक्त एवढं सांगतो की तेच चित्र मिळवायला कुठली नेत्रिका उचलायची.

मग एफमध्ये डोळ्याच्या दृष्टीने काहीच फरक नाही का? आहे, पण तो उजेडाचा नाही. छोट्या एफला आकाशाचा रुंद तुकडा दिसतो. नेहमीच्या सव्वा इंची नेत्रिकेत फार तर २७ मिमी रुंदीची प्रतिमा मावते. ८०० मिमीच्या दुर्बिणीत ती जवळजवळ दोन अंशांची होते, १६०० मिमीत एक अंशाहून थोडी कमी. तोफखान्यातल्या मंडळींसाठी सांगतो, पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे सुमारे नऊ मिल. एका अंशात कृत्तिका धड मावत नाहीत, दोन अंशांत ऐसपैस बसतात.

पण बोथट शंकू नेत्रिकेची परीक्षाही घेतो. एफ/१० च्या निमुळत्या शंकूत साधी, स्वस्त नेत्रिका बरं काम करून जाते. तीच एफ/४ ला लावली की कडेचे तारे फाटतात. शिवाय आरशाचा स्वतःचा एक दोष असतो, कोमा. त्याने कडेचे तारे छोट्या धूमकेतूंसारखे शेपटीदार दिसतात. स्वच्छ दिसणारं मधलं वर्तुळ एफच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. एफ/८ चं जे वर्तुळ असेल, त्याच्या एक-अष्टमांश रुंदीचं एफ/४ चं. आरसे एका रेषेत लावण्यात किती चूक चालेल, तेही साधारण याच हिशेबाने. एफ/८ ची दुर्बीण जोंग्यातून उतरवून ठेवली तरी बहुधा चालते. एफ/४ ची प्रत्येक वेळी जुळवून घ्यावी लागते.

चष्मेवाल्यांसाठी आणखी एक. शनी २०० पटीने बघायचा तर ८०० मिमीच्या दुर्बिणीला ४ मिमीची नेत्रिका लागते. साध्या प्लॉसल नेत्रिकेत डोळा भिंगापासून जेमतेम ३ मिमीवर आणावा लागतो. पापणी घासते, चष्मा लावून तर अशक्यच. १६०० मिमीला ८ मिमीची चालते, डोळा जरा लांब राहतो. पन्नाशीपुढच्या माणसाला 'स्लो' दुर्बीण जास्त सुखाची वाटते, त्याचं हे एक साधं कारण.

आता कॅमेरा. इथे एफचा आकडा खरोखर कामाला येतो आणि त्याला त्याचं श्रेय दिलं पाहिजे. तेजोमेघ किंवा दीर्घिका यांसारख्या पसरट वस्तूचा उजेड सेन्सरच्या दर ठिपक्यावर किती पडेल, हे एफच्या वर्गाने ठरतं. तोच कॅमेरा एफ/१० ऐवजी एफ/५ वर लावला तर दर ठिपक्याला चौपट उजेड. जे काम तासाभरात व्हायचं ते पंधरा मिनिटांत. महाराष्ट्रात पावसाळा संपल्यावर मिळणाऱ्या मोजक्या स्वच्छ रात्रींत हा फरक मोठा आहे.

पण त्यातही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, हा जादा उजेड कुठून आला? २०० मिमीच्या एफ/४ आणि २०० मिमीच्या एफ/८ या दोन्ही दुर्बिणी एखाद्या दीर्घिकेकडून सेकंदाला सारखाच प्रकाश गोळा करतात. एफ/८ तो चौपट जागेवर पसरते, एफ/४ लहान जागेत दाटीने बसवते. लंगरमध्ये डाळ तेवढीच आहे, थाळ्या कमी केल्या की वाटी भरलेली दिसते. दोन, ८० मिमी एफ/५ आणि २०० मिमी एफ/५ यांना एक्स्पोजर सारखंच लागतं. पण २०० मिमीची सव्वासहा पट प्रकाश गोळा करते आणि चित्र अडीच पट मोठं देते. 'दोन्ही एफ/५, मग फरक काय' असं म्हणणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा.

वस्तू किती मोठी आहे हेही बघावं लागतं. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश लांब पसरलेली आहे, सहा चंद्र ओळीने ठेवावेत तशी. नेहमीच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर २२ मिमी रुंद. १२०० मिमीच्या दुर्बिणीवर त्यात जेमतेम एक अंश येतो. दुर्बीण कितीही चांगली असली तरी देवयानीचं पोटच दिसणार. त्यापेक्षा २०० मिमीची साधी टेलिफोटो लेन्स तिचा पूर्ण फोटो देईल. उलट गुरू हा चिमुकला ठिपका. तिथे लांब नाभीय अंतर हवं. ग्रहांचे उत्तम फोटो काढणारे लोक एफ/५ च्या दुर्बिणीला तीन पट बार्लो लावून ती मुद्दाम एफ/१५ करतात. म्हणजे ज्या 'फास्ट'साठी जादा पैसे मोजले, ती पुन्हा पैसे मोजून 'स्लो' करायची.

छोट्या एफचा कॅमेरा थंडीत कसा छळतो, ते लडाखमध्ये राहिलेल्यांना सांगण्यासारखं आहे. एफ/४ वर फोकस चालू शकेल अशी जागा सुमारे ०.०४ मिमी, एफ/१० वर ती ०.२४ मिमीच्या आसपास. अॅल्युमिनियमची ८०० मिमी लांब नळी तापमान दहा अंश उतरलं की ०.१८ मिमी आखडते. तिकडे संध्याकाळ ते मध्यरात्र दहा अंश उतरणं ही काही बातमी नाही. म्हणजे एफ/१० वाला निवांत झोपू शकतो, एफ/४ वाल्याला रात्रभर उठून फोकस लावावा लागतो. शिवाय पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. १००० मिमीच्या दुर्बिणीवर आजकालच्या कॅमेऱ्यात ते एका सेकंदाला सुमारे वीस ठिपके होतात. म्हणून आकाशाबरोबर अचूक फिरणारी माउंट हवी, आणि या छंदात खरा खर्च तिचाच असतो. दुर्बीण त्या मानाने स्वस्त.

हा आकडा कामाप्रमाणे बदलायचा असतो, याचं माझं आवडतं उदाहरण लडाखमध्येच आहे. हानले इथे ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोल वेधशाळेची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. तिचा आरसा २.०१ मीटरचा. तो आरसा एफ/१.७५ चा, म्हणजे कमालीचा आखूड. त्यामुळे नळी लहान, घुमट लहान आणि त्या उंचीवर बांधकाम आवाक्यात. दुसऱ्या आरशाने तोच प्रकाश लांबवून शेवटी एफ/९ केला आहे, म्हणजे सुमारे १८ मीटरचं नाभीय अंतर. आणि तिथल्या एका उपकरणात हाच शंकू पुन्हा आखूड करून कॅमेऱ्यावर टाकतात, कारण अंधूक वस्तूंसाठी तेच सोयीचं. एकाच दुर्बिणीत तीन टप्प्यांवर तीन आकडे. आपल्या गिरावलीची, जुन्नरच्या बाजूची आयुकाची दोन मीटरची दुर्बीणही शेवटी एफ/१० वर काम करते. 'स्लो' म्हणून तिला कोणी नावं ठेवत नाही.

इतिहासातही हेच दिसतं. सतराव्या शतकात साध्या भिंगातून रंगांची झालर दिसायची. ती कमी करायला दुर्बिणी लांबच लांब होत गेल्या. डान्झिगच्या हेवेलियसने तर सुमारे ४६ मीटर लांबीची दुर्बीण खांबावर टांगली होती. तेव्हा लांबी हाच मोठेपणा. १६६८ मध्ये न्यूटनने आरशाची दुर्बीण केली, ती वितभर लांब. पुढे कॅमेरे आले आणि आखूडपणा हा मोठेपणा ठरला. काम बदललं तसा मानाचा आकडा बदलला.

हे सगळं पोटतिडकीने लिहिण्याचं कारण सांगतो. एका पीस स्टेशनवर मी पोहोचलो तेव्हा तिथल्या एका शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक उत्तम दुर्बीण गवसणीत घालून ठेवलेली होती. २०० मिमी, एफ/४, भारी माउंट, कॅमेरा जोडायची सोय. कोटेशनमध्ये 'फास्ट, फोटोग्राफीसाठी सर्वोत्तम' असं होतं आणि तुलनेच्या तक्त्यात सगळ्यात छोटा एफ तिचा होता. सोबत आलेल्या नेत्रिका दोन, २५ आणि १० मिमीच्या, साध्यातल्या. हिशेब करा. २५ मिमीने वर्धन ३२ पट, चकती सव्वासहा मिमी. कॅन्टोन्मेंटच्या दिव्यांत आकाश राखाडी दिसणार आणि पन्नाशीच्या मास्तरांच्या डोळ्यात तो प्रकाश पूर्ण शिरणारच नाही. १० मिमीने ८० पट. शनी दिसेल, पण कडी बघून मूल ओरडेल इतका नाही. त्यात प्रयोगशाळेतून मैदानात नेईपर्यंत आरसे हलायचे आणि कडेचे तारे शेपटीदार व्हायचे. कॅमेरा शाळेकडे नव्हताच. दोन-तीन कार्यक्रम झाले, मुलं रांगेत उभी राहिली, 'नीट दिसत नाही' म्हणून गेली आणि मग गवसणी. मुलांनी त्यातून काय शिकलं असेल? दुर्बिणीतून काही दिसत नसतं, हे.

याच दोन नेत्रिका २०० मिमी एफ/६ ला लावल्या असत्या तर? २५ मिमीने ४८ पट आणि चकती ४.२ मिमी, १० मिमीने १२० पट आणि चकती १.७ मिमी. चंद्र, गुरूचे पट्टे आणि चंद्र, शनीची कडी, मृगाचा तेजोमेघ, सगळं जागच्या जागी. खर्चही बराच कमी, कारण एफ/६ साध्या लाकडी बैठकीवर बसते. एनडीएत आम्हाला युद्धाचं पहिलं तत्त्व शिकवलं होतं : उद्दिष्टाची निवड आणि त्यावर टिकून राहणं. त्या खरेदीत हत्यार आधी निवडलं गेलं आणि उद्दिष्ट शेवटपर्यंत कोणी लिहिलंच नाही.

माझ्या मताविरुद्ध बोलणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. ते म्हणतात, पुण्या-मुंबईच्या आकाशात डोळ्याला तेजोमेघ दिसतात कुठे? कॅमेरा छोट्या छोट्या एक्स्पोजरची थप्पी लावून ते खेचून काढतो. बरोबर आहे. हल्ली ५० मिमी व्यासाच्या एफ/५ च्या, स्वतःच तारा शोधणाऱ्या छोट्या दुर्बिणी मिळतात. शहरातल्या गच्चीवरून त्या जे दाखवतात ते मोठ्या आरशातूनही डोळ्याला दिसणार नाही. ज्याला मोतीबिंदू आहे, ज्याला शिडीवर चढून नेत्रिकेशी वाकता येत नाही, त्याच्यासाठी तर ती सोयच आहे. शिवाय उंचावर डोळाही साथ देत नाही. ऑक्सिजन कमी झाला की रात्रीची नजर मंदावते, हे वैमानिकांना शिकवतातच. ज्याचं काम फोटो आहे त्याने खुशाल छोटा एफ घ्यावा आणि माउंटवर जास्त खर्च करावा.

पण नातवासाठी किंवा शाळेसाठी घेताना मी तरी आधी डोळाच म्हणेन. फोटो त्याच्या मोबाइलवर आधीच आहेत, आणि ते अंतराळातल्या दुर्बिणींनी काढलेले आहेत. गच्चीवरून आपण त्यांच्याशी काय स्पर्धा करणार? शनीवरून निघून तासाभराहून जास्त प्रवास केलेला प्रकाश थेट स्वतःच्या डोळ्यात येणं, हे मात्र मोबाइल देऊ शकत नाही. आणि ग्रह, चंद्र, जोडतारे, तारकागुच्छ शहरातूनही दिसतात. त्यांना काळ्या आकाशाची गरज नाही.

जॉन डॉब्सन या माणसाचं नाव यासाठी माहीत असायला हवं. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मलेला हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी होता. जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या काचा घासून आरसे करायचा, प्लायवूडच्या बैठकीवर नळी बसवायचा आणि रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. १९६७ मध्ये मठ सुटला, दुर्बिणी सुटल्या नाहीत. आज जगभर 'डॉब्सोनियन' म्हणून विकल्या जातात त्या त्याच धर्तीच्या. कॅमेऱ्यासाठी त्या निरुपयोगी, डोळ्यासाठी पैशाला पैसा वसूल. हानलेच्या परिसरात २०२२ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह जाहीर झालं, तेव्हा गावातल्या तरुण-तरुणींना शिकवून त्यांच्या हाती दुर्बिणी दिल्या गेल्या. आज ते पर्यटकांना रात्री आकाश दाखवतात आणि त्यातून घरात चार पैसे येतात. तिथे येणारा पर्यटक नेत्रिकेला डोळा लावून 'अरे!' म्हणतो, हे मी पाहिलं आहे.

तर ज्यांनी विचारलं त्यांना माझं उत्तर असं. घरासाठी १५० मिमी एफ/८ किंवा २०० मिमी एफ/६ ची डॉब्सोनियन घ्या. दोन्हींचं नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणून नेत्रिकांचं गणित एकच. कमरेचा त्रास असेल तर १३० मिमी एफ/५ ची टेबलावर ठेवायची घ्या, पण बार्लोसह. वाचलेल्या पैशांतून चष्म्यासकट बघता येईल अशी एक बरी नेत्रिका घ्या. स्वतःच्या वयाला पाच मिमीहून मोठी चकती देणारी नेत्रिका घेऊ नका. एफला पाचने गुणा, त्याहून जास्त मिलिमीटरची नको. एफ/६ ला तीस, बस. नातवाला फोटो हवाच असेल तर नेत्रिकेवर मोबाइल धरून चंद्राचा काढू द्या. चंद्र इतका उजळ आहे की तिथे कुठलाही एफ चालतो. घेण्याआधी जवळच्या हौशी मंडळाच्या कार्यक्रमाला जाऊन दोन-चार दुर्बिणींतून बघून या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. दोन वर्षांनी नातू स्वतःहून फोटोच्या मागे लागला, तर तेव्हा छोट्या एफची आणि चांगल्या माउंटची गोष्ट करू. तोवर त्याला आकाशात काय कुठे आहे हे ठाऊक झालेलं असेल, आणि कॅमेरा कुठे रोखायचा हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही.

शाळांच्या किंवा स्टेशनच्या खरेदी-बोर्डावर बसणाऱ्या अधिकाऱ्यांना एकच विनंती. तुलनेच्या तक्त्यात एफचा रकाना ठेवा, पण त्याच्या आधी एक रकाना जोडा : कोण बघणार, काय बघणार, कुठून बघणार. तो भरल्याशिवाय पुढची सही करू नका. आणि तुमच्या स्टेशनवर गवसणीत पडलेली एखादी दुर्बीण असेल, तर आधी तिच्या नेत्रिका बदलून पाहा. बऱ्याचदा दुर्बिणीत काही वावगं नसतं.

जय हिंद.